वळणावरचा बोर्ड

नोटीस शनिवारी संध्याकाळी आली, आणि रविवारी दहाच्या आत घरातली सगळी माणसं खालच्या ऑफिसात जमली. एरवी रविवारी शटर अर्धं वर असायचं, चुकूनमाकून एखादं गिऱ्हाईक आलंच तर बरं म्हणून. आज ते पार जमिनीला टेकलं होतं आणि आत भर दिवसा ट्यूबलाइट जळत होती.

नोटिशीवर नाव वहिनीचं होतं.

धंदा आप्पांचा, दुकानावरची पाटी आप्पांची, जागा दाखवायच्या आणि व्यवहार जुळवायचे ते दादानं. पण दलालीची सरकारी नोंदणी होती ती त्याच्या बायकोच्या, म्हणजे वहिनीच्या, नावावर. परीक्षा देऊनच नोंदणी मिळेल असा नियम आला, तेव्हा आप्पा म्हणाले होते, "पस्तीस वर्षं मी या गावातली घरं विकली, आता माझी परीक्षा कोण घेणार?" दादा दोनदा बसला आणि दोनदा आपटला. शेवटी वहिनीनं भाजी चिरता चिरता पुस्तक वाचलं आणि पहिल्या फटक्यात पास झाली. तेव्हा सगळे हसले होते, घरात एक तरी हुशार निघालं म्हणून. तेव्हापासून प्रत्येक कागदावर सही तिची आणि प्रत्येक निर्णय दादाचा, असं चाललं होतं. आजवर ते कुणाला खटकलं नव्हतं. तिलाही नाही.

"वाचते मी," वकीलबाई म्हणाल्या. त्या दादाच्या पाठच्या बहीण. वकिलीची सनद मिळाल्यापासून घरात त्यांना सगळे वकीलबाईच म्हणायचे, आप्पासुद्धा. सकाळीच त्या उत्तराचा मसुदा टाइप करून घेऊन आल्या होत्या. "सदर फलक आमच्या गोदामातून चोरीस गेलेला असून तो कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने लावला याची आम्हांस कल्पना नाही."

"पत्र्याचा बोर्ड चोरून चोर करणार काय?" आप्पा म्हणाले.

"पत्र्याला भाव आलाय," दादा म्हणाला. "वकीलबाई, पुढे वाच."

आप्पा एका जागी बसत नव्हते. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत टेकले, उठले, शटरपाशी गेले, जणू बंद शटरमधून रस्ता दिसणार होता. मग माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि न पिताच पेला टेबलावर ठेवला. वहिनी त्यांच्याकडे बघत होती. पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसाला सकाळपासून काय चावतंय ते तिला कळत नव्हतं.

झालं होतं ते एवढंच. गुरुवारी सकाळी उड्डाणपुलाच्या खालच्या वळणावर एका शिलाईवाल्या बाईची स्कूटर टेम्पोखाली आली. बाई वाचल्या, पण मांडीचं हाड मोडलं आणि उजवं मनगट. टेम्पोवाला म्हणाला, बाई वळणावर दिसल्याच नाहीत. दिसणार कुठून? दुभाजकाच्या लोखंडी कठड्यावर, बरोबर कोपऱ्यात, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर यांच्याच फर्मचा चार बाय तीनचा बोर्ड बांधलेला. पोलीस येऊन लिहूनपुसून घेईपर्यंत बोर्ड गायब झाला, पण तोवर कुणीतरी मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढला होता. लाल अक्षरात फर्मचं नाव, मधे विकाऊ जागेचा तपशील, खाली ठसठशीत फोन नंबर.

पालिकेनं नोटिशीत तीन गोष्टी लिहिल्या होत्या. सार्वजनिक जागेवर विनापरवाना बोर्ड. तोही वळणावर, वाहनं दिसू न देणारा. आणि त्यावर दलालाचा नोंदणी क्रमांक नाही. उत्तर सोमवारी दुपारपर्यंत.

"त्या कठड्यावर मोजून अकरा बोर्ड होते," दादा म्हणाला. त्याचा आवाज हळूहळू चढत होता. "शिकवणीवाला होता, दातांचा डॉक्टर होता. आणि सगळ्यांच्या वर पालिकेच्या अध्यक्षांचा, हसऱ्या फोटोचा. त्यांना नाही गेली नोटीस ती? आख्खं गाव लावतं. नियम पाळणारा दलाल मला एक दाखवा, मी त्याच्याकडे नोकरीला राहतो."

"पण तिच्या समोर आपला होता," वहिनी म्हणाली. "फोटोत दिसतोय."

"म्हणूनच चोरीला गेला म्हणतोय ना."

दादाचा धाकटा भाऊ कोपऱ्यात स्टुलावर बसून पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखानं सोलत होता. बोर्डाचं खातं त्याचं. कुठे लावायचे, कधी बदलायचे, पालिकेची गाडी येणार असली की कुठून उचलायचे, सगळं त्याच्याकडे. अपघातानंतर अर्ध्या तासात बोर्ड काढून आणला तोही त्यानंच. लावला कुणी हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

"याला जरा अक्कल असती," दादा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "तर आज ही पाळी आली नसती."

धाकट्यानं लेबलाची सुरळी केली. आप्पा मात्र एकदम म्हणाले, "त्याला बोलू नकोस." आणि पुन्हा शटरकडे तोंड करून उभे राहिले.

वकीलबाईंनी कागद वहिनीपुढे सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं. "वहिनी, इथं. खाली तारीख घाल."

वहिनीनं पेन उचललं नाही. "मी एकदा बोर्ड बघते," ती म्हणाली.

"बोर्डात काय बघायचंय?" दादानं विचारलं.

"चोरीला गेला म्हणून सही करायची, तर निदान घरात आहे की नाही ते तरी बघू दे."

मागच्या अंगाला पत्र्याची शेड होती. तिथे जुने बोर्ड, बांबू, रंगाचे वाळलेले डबे आणि घरातल्या सगळ्या मोडक्या खुर्च्या. वहिनीच्या मागोमाग धाकटा आला. ती या घरात आली तेव्हा हा सहावीत होता; त्याची दप्तरं तिनं शिवली होती आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर दादाला न दाखवता सह्या तिनं केल्या होत्या. त्यामुळे त्या दोघांत एक वेगळंच सूत होतं, आणि म्हणूनच त्याच्यावर तिचा राग जास्त होता.

"कुठे ठेवलास?"

त्यानं दोन फळ्यांमागून बोर्ड ओढून काढला. एका कोपऱ्याला तो वाकला होता. वहिनी खाली बसली. चारी भोकांतून तारेचे तुकडे तसेच लोंबत होते. काढताना घाईनं पकडीनं मधेच तोडलेले. तिनं एक तुकडा बोटांत धरून वळवला. तीन पीळ, आणि पिळाचं टोक आतल्या बाजूला दुमडलेलं.

तिनं दुसऱ्या भोकातला तुकडाही बघितला. तसाच.

धाकटा तार कधी वापरायचा नाही. त्याच्या खिशात कायम प्लॅस्टिकच्या पट्ट्या असायच्या, एक झटका दिला की आवळणाऱ्या. तार वापरणारा माणूस घरात एकच होता. दलालीत पडण्याआधी आप्पा पेंटर होते. बोर्ड रंगवायचे आणि स्वतः शिडीवर चढून टांगायचे. तारेला तीन पीळ द्यायचे आणि टोक आत दुमडायचं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताला ओरखडा नको, कुणाची बाही अडकायला नको. हे त्यांनी तिलाच एकदा कपडे वाळत घालायची तार बांधताना शिकवलं होतं.

"हे तुझं काम नाही," ती म्हणाली.

"माझंच आहे."

"मला सांगतोस?"

धाकट्यानं शेडच्या दाराकडे पाहिलं. "वहिनी, तू काही बघितलं नाहीस. सही कर आणि मोकळी हो."

"नीट सांग."

त्यानं एक मोडकी खुर्ची ओढली, तीन पायांवर तोलून बसला. "हा आपल्या प्लॉटच्या कुंपणावर होता. तिथे कुत्रं फिरकत नाही. दादानं आप्पांना सांगितलं नव्हतं का, तुम्ही आता ऑफिसात बसू नका, गिऱ्हाईक गोंधळतं म्हणून? त्यानंतर आठवड्यानं आप्पा सकाळी फिरायला गेले आणि बोर्ड उचलून वळणावर बांधून आले. एकट्यानं. मला दुसऱ्या दिवशी दिसला."

"मग?"

"मग फोन सुरू झाले. तूच घेत होतीस ना, दिवसाला वीस-वीस? दादानं मला पाठीवर थाप मारली. म्हणाला, कोपरा झकास शोधलास. या कामात तेरा वर्षांत पहिल्यांदा, वहिनी. मी म्हटलं, हो. मीच."

"आणि ते वळण तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं," धाकटा म्हणाला. "रोज तिथून जाताना मी माझी गाडी हळू करत होतो."

वहिनीला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासाही वाटला. तिनं दोन्ही केलं नाही. उठली, हात झटकले आणि आत गेली.

"मी यावर सही करणार नाही," तिनं सांगितलं.

दादा थंडपणे म्हणाला, "मग काय लिहिणार?"

"झालं ते."

"काय झालं ते तरी कळू दे आम्हाला."

आता मात्र तिची पंचाईत झाली. नाव घ्यावं तर सासऱ्याचं, आणि न घ्यावं तर दिराच्या गळ्यात. ती टेबलाची कड धरून उभी राहिली. मागून धाकटा आत आला होता; तो तिच्याकडे बघून हळूच मान हलवत होता, नको, नको.

"मी बांधला," आप्पा म्हणाले.

शटरकडे पाठ करून ते वळले होते. आवाज नेहमीसारखाच, चहा सांगावा तसा. "मीच बांधला तो. कुंपणावर कुणी वाचत नव्हतं. न वाचलेला बोर्ड म्हणजे नुसता पत्रा. म्हटलं, अजून आपल्याला एवढं तरी जमतंय."

वकीलबाईंनी मसुद्यावरचं पेन उचलून टोपण लावलं.

"आप्पा, तुम्ही गप्प बसा," दादा म्हणाला, पण त्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती. "तुम्हाला कुणी विचारलंय?"

वकीलबाईंनी मसुद्याचा कागद आपल्याकडे ओढला आणि मधोमध फाडला. वहिनीला क्षणभर वाटलं, एक माणूस आपल्या बाजूला आलं. पण त्या म्हणाल्या, "मग चोरीचं जाऊ दे. पोलीस खोलात शिरले तर आप्पांपर्यंत पोचतील. या वयात त्यांना चौकीत बसवायचं? धाकट्यानं लावला असं लिहू. नजरचूक झाली, माफी असावी. तसंही सगळ्यांना तेच वाटतंय."

"चालेल," धाकटा म्हणाला.

"चालेल," दादाही म्हणाला. दहा मिनिटांपूर्वी ज्याला अक्कल नव्हती त्याच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला. "हे बरोबर आहे. घरातलं घरात."

बघता बघता तिघं भावंडं एका बाजूला झाली. इतक्या वर्षांत वहिनीनं त्यांचं असं एकमत पाहिलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही, तेव्हा तर कपाटाच्या किल्लीवरून जुंपली होती. चांगल्या कारणासाठी सगळे मिळून खोटं बोलणार होते, आणि खालची सही तिची असणार होती.

"अहो, त्या बाईचं काय?" तिनं विचारलं.

"तिला आपण भेटू ना नंतर. फळं घेऊन जाऊ," दादा म्हणाला. "अगं, तुला कळतंय का, नोंदणी गेली तर उद्यापासून हे घर कशावर चालायचं? तुझं एक खरं बोलणं किती माणसांच्या पोटावर येतंय?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तिला तेच जड जात होतं.

आप्पांनी दोन्ही हातांनी शटर वर ढकललं. उन्हाची पट्टी फरशीवर पडली. "सूनबाई," ते म्हणाले, "मला त्या बाईकडे जायचंय. आज. येतेस?"

"आप्पा, नको!" वकीलबाई ओरडल्या. "तिथे जाऊन काही कबूल केलंत तर..."

"मला तुझ्या वकिलीतलं कळत नाही. रस्ता दाखवायला कुणीतरी लागेल एवढंच कळतं."

वहिनीनं पर्स उचलली.

सरकारी दवाखान्यात भेटायची वेळ चारची. तोवर दोघं बाहेरच्या बाकावर बसून होते, कारण घरी परत जायचं दोघांनाही नको होतं. आप्पांनी एकदा विचारलं, "तू ओळखलंस ना तारेवरून?" ती हो म्हणाली. "टोकं दुमडली होती मी," ते म्हणाले.

वॉर्ड लांबलचक, दोन्हीकडे खाटा. शिलाईवाल्या बाई खिडकीजवळ होत्या. चाळिशीच्या असतील, पायाला वजन लावलेलं, उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये. शेजारी त्यांची थोरली बहीण संत्रं सोलत बसली होती.

"आम्ही त्या बोर्डवाल्यांकडून आलोय," वहिनी म्हणाली. वाटेत तिनं पंधरा वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

बहीण ताडकन उठली. "आत्ता आलात होय? चार दिवसांनी? बोर्ड काढायला मात्र अर्ध्या तासात धावलात!"

"बसू दे गं त्यांना," खाटेवरून आवाज आला. "ते म्हातारे उभे आहेत."

आप्पा बसले नाहीत. त्यांनी हात जोडले. "बाई, तो बोर्ड मी बांधला होता. माझ्या हातानं. दुसऱ्या कुणी नाही."

बाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुम्ही? या वयात त्या दुभाजकावर चढलात?"

"चढलो."

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. त्या हसल्या असं वहिनीला वाटलं, पण ते हसू नव्हतं. पायातली कळ आली होती. कळ ओसरल्यावर बाईंनी डाव्या हातानं चादर नीट केली आणि वहिनीकडे बघून विचारलं, "ती जागा आहे का अजून?"

"कुठली?"

"बोर्डवरची. दोन खोल्या, तळमजला, पुढे ओटा. किंमतही बरी होती."

"अगं, काय विचारतेस यांना!" बहीण म्हणाली.

"विचारू दे मला. मालकानं महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलीय. तीन मशिनं आहेत माझी, जिन्यावरून चढवता येत नाहीत. तळमजला कुठे मिळतो? आठ महिने शोधतेय. त्या दिवशी जाता जाता बोर्ड दिसला. नंबर वाचत होते, पाठ करायचा म्हणून. शेवटचे दोन आकडे राहिले होते, तेवढ्यासाठी मान वळवली." त्या थांबल्या. "आहे का ती?"

वहिनीच्या जिभेवर वाक्य तयार होतं. ते रोजचंच होतं. 'ताई, ती कालच गेली हो, पण तशीच दुसरी दाखवते, कधी येताय?' ऑफिसचा फोन तीच उचलायची. तिच्या आवाजात गोडवा आहे, गिऱ्हाईक तुटत नाही, असं दादा कौतुकानं सगळ्यांना सांगायचा. तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्या विकल्या जाऊन दीड वर्ष झालं होतं. बोर्ड तसाच ठेवला होता, कारण त्या किमतीवर फोन येतात, आणि आलेल्या माणसाला दुसरं काहीतरी महागातलं दाखवता येतं. सगळेच करतात. शंभर वेळा तरी तिनं ते वाक्य म्हटलं असेल, आणि कधी तिला ते खोटं वाटलं नव्हतं; ते धंद्यातलं बोलणं होतं, 'या, बसा' सारखं. दिवसभर ती इतरांच्या खोट्यावर सही करायला नकार देत फिरत होती, आणि स्वतःचं मात्र तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "ती जागा दीड वर्षापूर्वीच विकली गेलीय."

बाईंना आधी कळलंच नाही. "मग बोर्ड?"

"फोन यावेत म्हणून ठेवला होता."

"म्हणजे मी तो नंबर पुरता वाचला असता, आणि घरी जाऊन फोन केला असता..."

"तर मी उचलला असता. आणि कालच गेली म्हणून सांगितलं असतं."

बहिणीच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. आप्पा वहिनीकडे बघत होते. पस्तीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी असं बोलताना कुणाला ऐकलं नव्हतं. स्वतःला तर नाहीच.

बाईंनी मान खिडकीकडे वळवली. तिकडेच बघत म्हणाल्या, "जा तुम्ही आता."

त्या रडत नव्हत्या, शिव्याही देत नव्हत्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर वहिनीला बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी, घर जागं व्हायच्या आत, तिनं स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून उत्तर लिहिलं. एक पान झालं. बोर्ड आमचा, चोरीला गेला नव्हता. कुणी बांधला, का बांधला, दिसूनही तो का काढला नाही. त्यावर लिहिलेली जागा विक्रीला नव्हती हेही लिहिलं. ते पालिकेनं विचारलं नव्हतं. गावात असे आमचे आणखी सत्तावीस बोर्ड आहेत, ते कुठे कुठे आहेत त्याची यादी मागच्या बाजूला; ठिकाणं तिनं रात्रीच धाकट्याकडून लिहून घेतली होती.

दादा पाणी प्यायला आला आणि तिच्या खांद्यावरून त्यानं सगळं वाचलं. ती वाट बघत होती की तो कागद ओढून घेईल. त्यानं पेला विसळला, उपडा ठेवला.

"त्या बाईला तू जागेचंही सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"विचारलं तिनं."

"गिऱ्हाईक विचारतं म्हणून सगळं सांगायचं नसतं, हे मीच शिकवलं होतं तुला."

"हो," ती म्हणाली. "आणि मी शिकले होते."

तो आतल्या खोलीत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती; आपटलेल्या दारापेक्षा हळू लावलेलं दार वाईट हे तिला माहीत होतं.

पालिकेत आप्पाही तिच्याबरोबर गेले. खिडकीवरच्या कारकुनानं पान वाचलं. चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. मागची यादी बघून तर त्यानं शेजारच्यालाही बोलावलं. "बाई, असं कुणी लिहून देत नाही," तो म्हणाला. "सगळे म्हणतात, आमचा नाही. वकिलाला दाखवलंत का?"

"घरातच आहेत वकील."

"त्यांनी काय सांगितलं?"

"हे लिहू नका म्हणून."

कारकुनाला हसावं की काय ते कळेना. त्यानं शिक्का उचलला आणि हवेतच धरला. "नोंदणी सहा महिने तरी बंद राहील, हे धरून चला. आणि या आजोबांना पोलिसात जबाब द्यावा लागेल. अजून विचार करा. मी अजून आवक नोंदवलेलं नाही."

वहिनीला दादाचं लावलेलं दार आठवलं, वकीलबाईंनी सकाळपासून न उचललेला फोन आठवला. सहा महिने. खोलीचं दार उघडायला याहून जास्त लागतील कदाचित.

"नोंदवा," ती म्हणाली, आणि सही केली.

आप्पांनी तिच्या हातातून पेन घेतलं. "माझीही घ्या."

"तुमची लागत नाही हो आजोबा. नोंदणी यांची आहे."

"लागत नसली तरी घ्या. बोर्ड माझा आहे."

कारकून काही म्हणायच्या आत त्यांनी तिच्या सहीखाली आपलं नाव लिहिलं, जुन्या पेंटरच्या वळणदार अक्षरात, शाई वाळेपर्यंत फुंकर घालत.

बाहेर आले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. समोरच्या रस्त्यावर विजेच्या खांबाला शिडी लावलेली आणि शिडीवर धाकटा. यादीतला पहिला बोर्ड तो उतरवत होता. खाली शिडी धरायला कुणी नव्हतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी धावतच रस्ता ओलांडून गेली आणि तिनं दोन्ही हातांनी शिडी धरली.

"दादाला कळलं?" त्यानं वरून विचारलं.

"कळलंय."

"बोलला काही?"

"नाही."

"मग कठीण आहे," धाकटा म्हणाला आणि दुसरी पट्टी कापायला लागला. सव्वीस बोर्ड अजून उरले होते. येणारेजाणारे मान वर करून बघत होते. एकानं तर गाडी थांबवून विचारलं, दुसरा बोर्ड लावताय का, त्यावर काय आहे.

पर्समध्ये फोन वाजला. दादा. वहिनीनं एका हातानं शिडी आणि दुसऱ्या हातानं फोन धरला.

पलीकडून तो म्हणाला, "दिलंस?"

"दिलं."

"किती दिवस?"

"सहा महिने. जास्तही होतील."

फोन ठेवला की काय म्हणून तिनं पडद्याकडे पाहिलं. ठेवला नव्हता.

"आप्पांनी सकाळची गोळी घेतली का?" दादानं विचारलं.

तिनं आप्पांकडे पाहिलं. ते खांबाच्या सावलीत उभे होते, कपाळावरचा घाम पुसत.

"घेतली म्हणून सांग," आप्पा कुजबुजले. "उगाच चिडेल."

"नाही घेतली," वहिनी फोनमध्ये म्हणाली.